खूण सरकली होती: एका जुन्या डिझेल ट्रकचं इंजिन शांत करताना

चालकाची तक्रार एका वाक्याची होती. “मिस्त्री, गाडी ओढते झकास, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली तरी अंगातली थरथर जात नाही.” गेली अकरा वर्षं हेच काका ती गाडी चालवत होते. संध्याकाळी कान गुणगुणतात, शेजारी बसलेल्या क्लीनरशी बोलायचं तर ओरडावं लागतं, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं. मालकांचं म्हणणं वेगळ्या शब्दांत होतं: इंजिनात काय फेरफार करायचे ते करा, पण ते मऊ आणि गप चाललं पाहिजे.

गाडी म्हणजे दोन एक्सलचा मालट्रक, केबिन इंजिनाच्या डोक्यावर. इंजिन एका रांगेतल्या सहा सिलिंडरचं, सुमारे सहा लिटरचं, डायरेक्ट इंजेक्शन, टर्बो. डिझेलचा पंप इनलाइन आणि पूर्ण यांत्रिक, टायमिंगचे गिअर पुढच्या बाजूला, पंखा थेट पुलीवर बसवलेला. संगणक नाही, सेन्सर नाही. जे काही कळायचं ते कानाने, हाताने आणि मोजमापाने.

आमच्याकडे येण्याआधी दोन उपाय होऊन गेले होते. केबिनच्या तळाला कुणीतरी गादीचा फोम चिकटवला होता. त्याने वर्षभरात ऑइल पिऊन घेतलं होतं आणि टर्बोपासून तो जेमतेम वीतभर लांब होता. तो आम्ही पहिल्याच दिवशी खरवडून काढला, कारण तो आवाज कमी करत नव्हताच, वर आगीला आमंत्रण होता. दुसरा उपाय अजून डब्यात बंद होता. मालकांनी नेहमीपेक्षा मऊ रबराची इंजिन फाउंडेशन, म्हणजे इंजिन चेसिसवर ज्या रबरी ठोकळ्यांवर बसतं ती, आणून ठेवली होती आणि पहिल्याच दिवशी ती बसवा असा त्यांचा आग्रह होता. आम्ही थांबायला सांगितलं. का, ते पुढे येईल.

आधी मोजून घेतलं

आवाजाच्या कामात हातात पाना घेण्याआधी आकडे हवेत. माणसाचा कान दोन दिवसांपूर्वीचा आवाज लक्षात ठेवू शकत नाही. चालकाच्या कानाजवळ, काचा बंद करून, साध्या ध्वनिमापकावर ए-वेटिंगने (माणसाच्या कानाला जसं ऐकू येतं त्या मापाने) घेतलेली नोंद अशी होती: आयडलिंगला ७७ डेसिबल, उभ्या गाडीत १५०० आरपीएमला ८४, रस्त्यावर ६० किमी वेगाला ८६. कानाच्या सुरक्षिततेसाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास काढता येतात आणि दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. काका दिवसाला दहा दहा तास गाडीत असायचे. कान गुणगुणतात हे उगाच नव्हतं.

थरथर मोजायला मोबाइलच पुरला. कंपन दाखवणारं एक ॲप उघडून मोबाइल सीटच्या लोखंडी पट्टीवर घट्ट चिकटवला. आयडलिंग ६५० आरपीएमला होतं. आलेखावर दोन ठिकाणी टोकं दिसली, एक साधारण ३२ हर्ट्झला आणि दुसरं, त्याहून उंच, ५.४ हर्ट्झला.

या दोन आकड्यांत अर्धं निदान होतं. ६५० आरपीएम म्हणजे सेकंदाला १०.८ फेरे. चार स्ट्रोकच्या सहा सिलिंडर इंजिनात एका फेऱ्यात तीन स्फोट होतात, म्हणून ३२.५ हर्ट्झ हे इंजिनाचं नेहमीचं ठोके देणं. ते असायचंच. पण ५.४ म्हणजे फेऱ्यांच्या बरोबर निम्मं. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा घडणारी काहीतरी गोष्ट गाडी हलवत होती. एखादा सिलिंडर बाकीच्या पाचांच्या बरोबरीने काम करत नसला की असंच होतं. ज्याला आपण “मिसिंग” म्हणतो त्याचा हा सौम्य अवतार.

इथे सहा सिलिंडरची खासियत सांगायला हवी. एका रांगेतल्या चार सिलिंडरमध्ये पिस्टनच्या वरखाली जाण्याने दुप्पट वेगाचा एक धक्का शिल्लक राहतोच. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलटसुलट फिरणाऱ्या वजनी दांड्यांची युक्ती त्याच्याचसाठी काढली. सहा सिलिंडरच्या रांगेत मात्र हे धक्के एकमेकांना पूर्ण मारतात. त्यामुळे असं इंजिन आयडलिंगला अंग हलवत असेल, तर “डिझेल आहे, चालायचंच” म्हणून सोडून देऊ नये. कुठेतरी बिघाड असतो.

चौथा सिलिंडर

इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचं नट सैल करायचं आणि त्या सिलिंडरचं डिझेल तोडायचं, ही जुनी रीत. नट सैल केलं की इंजिन अडखळलं पाहिजे. पहिला, दुसरा, तिसरा, तिन्ही वेळा इंजिन स्पष्ट बसलं. चौथ्याला जवळजवळ काहीच फरक पडला नाही. पाचवा आणि सहावा पुन्हा ठीक. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तेव्हा चौथ्याचं तोंड बाकीच्यांपेक्षा ४० अंशांनी थंड निघालं. (ही चाचणी फक्त यांत्रिक पंपाच्या इंजिनावर, डोळ्यांवर चष्मा लावून आणि नटावर चिंधी टाकूनच करावी. कॉमन रेलच्या (नव्या, संगणकाने चालणाऱ्या डिझेल यंत्रणेच्या) पाइपात हजार बारच्या वर दाब असतो, तिथे चालू इंजिनात नटाला हातसुद्धा लावू नये. ती फवार कातडीत घुसते.)

नोझल काढण्याआधी कॉम्प्रेशन पाहिलं. सहाही सिलिंडर एकमेकांच्या २ बारच्या आत होते, म्हणजे रिंगा आणि वॉल (व्हॉल्व्ह) ठीक. मग नोझल. चौथ्याची सुई अडकत होती आणि पाचपैकी दोन भोकं काजळीने बुजली होती. बाकीच्या पाचांचा उघडण्याचा दाब ठरलेल्या आकड्यापेक्षा १० ते २५ बारने खाली आलेला, आणि प्रत्येकाचा वेगळा. सहाही नोझल नवीन टाकून, शिम (पातळ चकत्या) बदलून बदलून सगळ्यांचा दाब एकमेकांच्या ३ बारच्या आत आणला. पंप बेंचवर चढवला तेव्हा आयडलिंगच्या रॅकला (डिझेलचं माप ठरवणाऱ्या दांडीच्या जागी) दोन एलिमेंट (एकेका सिलिंडरला डिझेल देणारे पंपाचे भाग) बाकीच्यांपेक्षा जास्त डिझेल देत होते. तेही जुळवून घेतलं.

आयडलिंगची जुळणी इतकी जपून का करायची, हे पुष्कळांना पटत नाही. “लोडवर बरोबर आहे ना, मग झालं.” पण या आकाराच्या इंजिनात आयडलिंगला एका सिलिंडरला एका वेळी साधारण १० घन मिलीमीटर डिझेल जातं आणि पूर्ण लोडला त्याच्या आठ-दहापट. दोन घन मिलीमीटरचा फरक लोडवर शेकड्याला दोन पडतो, तर आयडलिंगला वीस. म्हणूनच ही गाडी चढावर तक्रार करत नव्हती आणि सिग्नलला उभी राहिली की अंग हलवत होती.

नोझल बसले, हवा काढली, इंजिन सुरू केलं. ५.४ हर्ट्झचं टोक एक तृतीयांशावर आलं. काकांनी स्टीअरिंगवर तळहात ठेवला, थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, “हां.” आवाज मात्र जेमतेम १ डेसिबलने उतरला. हातोड्याने ठोकल्यासारखी ती टकटक, डिझेल नॉक, जशीच्या तशी होती.

टायमिंग बरोबर होतं, कागदावर

डिझेल नॉक म्हणजे काय ते गॅसच्या शेगडीवर समजतं. गॅस सुरू करून काडी लगेच लावली तर ज्योत फक् करून पेटते. काडी उशिरा लावली तर तेवढ्या वेळात साचलेला गॅस एकदम भडकतो. सिलिंडरमध्ये डिझेल शिरल्यापासून पेटेपर्यंत क्षणभर, म्हणजे मिलीसेकंदाच्या हिशेबात, उशीर होतोच. त्या वेळात जितकं डिझेल साचेल तितका पहिला भडका मोठा, दाब तितक्या झटक्याने चढणार आणि ब्लॉकवर तितकी जोरात थाप बसणार. टायमिंग, म्हणजे डिझेल सोडायची वेळ, प्रमाणाबाहेर पुढे (लवकर) असेल तर डिझेल तुलनेने थंड आणि विरळ हवेत पडतं, पेटायला जास्त वेळ घेतं आणि नॉक वाढतो. नव्या इंजिनांत मुख्य फवारीच्या आधी डिझेलचा छोटासा घोट सोडतात, म्हणजे आधी ठिणगीएवढी आग तयार असते आणि मागून येणारं डिझेल तिच्यात सावकाश जळतं. डेन्सोची कॉमन रेल १९९५ मध्ये हिनोच्या ट्रकमध्ये आली, त्यानंतर ही सोय हळूहळू सगळीकडे पोचली. यांत्रिक इनलाइन पंपाला असा वेगळा घोट सोडता येत नाही. आमच्या हातात होतं ते टायमिंग, नोझल आणि डिझेलचा दर्जा.

डिझेलचा संशय आधी फेडून घेतला. टाकीची नळी काढून बाहेरच्या कॅनमधल्या खात्रीच्या डिझेलवर इंजिन चालवलं. सिटेन (डिझेल किती चटकन पेटतं याचा आकडा) कमी असलं की पेटायला उशीर होतो आणि नॉक वाढतो, म्हणून ही चाचणी टाळू नये. युरोपच्या ईएन ५९० मध्ये सिटेन किमान ५१ लागतं तर अमेरिकेच्या डी९७५ मध्ये ४०, एवढा फरक चांगल्या-वाईट डिझेलमध्येच नव्हे तर दोन अधिकृत प्रमाणांतही असतो. आमच्याकडे मात्र कॅनने काही फरक पडला नाही.

मग टायमिंग. पहिल्या एलिमेंटचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून त्यावर वाकडी नळी बसवली, रॅक पूर्ण लोडच्या जागी बांधला, हातपंपाने डिझेल देत राहिलो आणि इंजिन फिरण्याच्याच दिशेने अगदी हळू फिरवत नेलं. नळीतून आधी सरळ धार पडते. प्लंजर भोक झाकायला लागला की धार वाकते, बारीक होते, तुटते, आणि मग थेंब मोजता येतात. दहा-पंधरा सेकंदांना एक थेंब पडायला लागला की थांबायचं. तिथे इंजेक्शन सुरू होतं. क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या डॅम्पर पुलीच्या कडेवरची पट्टी बघितली तर काटा बरोबर १४ अंशांवर, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचण्याच्या १४ अंश आधी. इंजिनाच्या पाटीवरही १४ च.

पुन्हा केलं. पुन्हा १४.

एक अख्खा दिवस आम्ही “टायमिंग बरोबर आहे” यावर विश्वास ठेवून दुसरीकडे शोधत राहिलो. टॅपेट पाहिले, दोन ढिले होते, फीलर गेज लावून थंड इंजिनात बसवले. बारीक टिकटिक गेली, टकटक राहिली. गजनपिनचा (पिस्टनला दांड्याशी जोडणाऱ्या पिनचा) संशय घेतला, पण पिनचा ठोका लोड आणि वेगाप्रमाणे जागा बदलतो. हा आवाज सहाही सिलिंडरवर सारखा होता. सहाही सिलिंडरला एकच दुखणं असेल तर ते सगळ्यांच्या सामायिक गोष्टीत असणार, हे मला रात्री घरी जाताना सुचलं. आणि सामायिक गोष्ट एकच, टायमिंग.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा मदतनीस पोरगा डॅम्पर पुलीवरची ग्रीस पुसत होता. त्याने हाक मारली. पुलीची बाहेरची जड रिंग आणि आतला हब यांच्यामधलं रबर एका जागी बोटभर बाहेर आलं होतं, आणि रबराच्या कडेला लोखंड घासून चकाकलं होतं. रबर सुटलं होतं. बाहेरची रिंग हबवर फिरली होती. आणि अंशांच्या खुणा त्या बाहेरच्या रिंगवरच होत्या.

आता पुलीवरच्या खुणेवर भरवसा ठेवायचा प्रश्नच नव्हता. खरा वरचा बिंदू शोधायला पहिल्या सिलिंडरचा रॉकर काढला, वॉलची स्प्रिंग काढली, दांड्याला वरून रबरी कडं घातलं आणि वॉल पिस्टनवर टेकवला. वॉलच्या टोकावर डायल गेज. पिस्टन अगदी वर असतो तेव्हा दोन-तीन अंश फिरवलं तरी गेज हलत नाही, म्हणून “जिथे गेज सर्वांत वर” असं शोधलं की चूक होते. त्याऐवजी पिस्टन वरून ३ मिलीमीटर खाली आला ती जागा एका बाजूने नोंदवायची, मग दुसऱ्या बाजूने, आणि दोन्हींचा मध्य काढायचा. फ्लायव्हीलवर खडूने दोन रेघा मारल्या, दोऱ्याने मध्य काढला. पुलीवरची शून्याची खूण या मध्याच्या ५ अंश आधीच काट्यासमोर येत होती. रिंग फिरण्याच्या दिशेने पुढे सरकलेली.

म्हणजे पुली १४ सांगत होती तेव्हा खरं टायमिंग १९ होतं. दीड वर्षापूर्वी ऑइल सीलसाठी पंप काढला गेला होता. तो परत बसवणाऱ्याने प्रामाणिकपणे खूण पाहूनच बसवला होता. ५ अंश म्हणजे त्या पुलीच्या कडेला साधारण दहा मिलीमीटर. पण पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून पंपाच्या फ्लँजवर तोच फरक जेमतेम ३ मिलीमीटर होतो. नजरेला तो कधीच खटकला नसता. “तेव्हापासूनच गाडी जरा जास्त करकरायला लागली,” असं काका नंतर म्हणाले. ते आधी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलंही नव्हतं.

डॅम्पर पुलीचं खरं काम खुणा दाखवणं हे नाही. प्रत्येक स्फोटाला क्रँक किंचित पिळला जातो आणि सुटतो. ठरावीक आरपीएमला हे पिळणं वाढत जातं. रबरावर बसलेली ती जड रिंग उलट ओढून ते शोषून घेते. रबर सुटलं की पिळणं तसंच राहतं, पुढचे टायमिंग गिअर एकमेकांवर आपटतात आणि फार दिवस दुर्लक्ष केलं तर क्रँक तुटू शकतो. या गाडीत १९०० च्या आसपास पुढून येणारी जी खडखड होती, तिला सगळे पंपाचा आवाज समजत होते.

नवीन डॅम्पर, खऱ्या शून्यावरून तपासलेला काटा, पंप १४ वर. इंजिन सुरू केलं आणि तो बदल समजायला ध्वनिमापकाची गरज पडली नाही. आयडलिंग ७२, १५०० ला ८०, रस्त्यावर ८३. पिकअप किंचित मऊ झाला आणि एक्झॉस्टचा धूर आहे तसाच राहिला.

त्यानंतर मालक म्हणाले, आणखी मागे घ्या, अजून शांत होईल. त्यांचं म्हणणं अर्धं खरं होतं म्हणून एक दिवस १२ वर चालवून पाहिलं. आयडलिंगला आणखी जवळपास २ डेसिबल उतरले. पण सकाळी थंड इंजिनातून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येऊ लागला आणि चढावर एक्झॉस्टचं तापमान चढलं, म्हणजे डिझेल उशिरा जळून उष्णता टर्बोकडे जात होती. संध्याकाळी परत १४ केलं. आवाजासाठी टर्बो आणि डिझेल खर्ची घालणं मला मान्य नाही, आणि तसं करणाऱ्याने ते ग्राहकाला सांगून करावं.

आता फाउंडेशन

मऊ फाउंडेशनसाठी थांबायला का सांगितलं होतं, त्याचा हिशेब असा. इंजिनाच्या वजनाने रबर किती मिलीमीटर दबतं त्यावर त्याची स्वतःची डोलण्याची गती ठरते: १५.८ ला दबण्याच्या वर्गमुळाने भागायचं, उत्तर हर्ट्झमध्ये. ४ मिलीमीटर दबणारं फाउंडेशन सुमारे ७.९ हर्ट्झला डोलतं. ३२.५ हर्ट्झचे ठोके त्याच्या चौपट, म्हणून त्यातले शेकडा सहाच्या आसपासच चेसिसला पोचतात. पण ५.४ हर्ट्झची थरथर या गतीच्या खाली पडते. तिला रबर अडवत नाही, उलट जवळजवळ दुपटीने वाढवून देतं. चौथा सिलिंडर दुरुस्त करण्याआधी ही मऊ फाउंडेशन टाकली असती तर काकांची पाठ आणखी हलली असती, आणि “मऊ रबर वाईट” असा उगाच समज पसरला असता.

जुनी फाउंडेशन ऑइलने फुगून दगडासारखी झाली होती. मागच्या डाव्या फाउंडेशनच्या ब्रॅकेटखाली कागदाची पट्टी सरकवून पाहिली तर सरकलीच नाही. लोखंड लोखंडाला टेकलं होतं. असं एक ठिकाण पुरतं, बाकीची तीन कितीही मऊ असोत. नवीन चार बसवताना बोल्ट अर्धवट आवळले, इंजिन दोन मिनिटं आयडलिंगला चालवून आपल्या जागी बसू दिलं, मग टॉर्क दिला. पिळलेल्या अवस्थेत आवळलेलं रबर पहिल्या दिवसापासून कडक वागतं. सायलेन्सरचा एक क्लॅम्प चेसिसला घासत होता, तोही सरकवला. एवढी मेहनत करून कंपन त्या वाटेने आत जायला नको.

सीटवरची थरथर आता सुरुवातीच्या एक पंचमांशावर आली होती.

पंखा, भोकं आणि सगळ्यात शेवटी गाद्या

या टप्प्यावर रस्त्यावरचा आवाज अडून बसला होता, ८२ च्या खाली येईना. दोन आवाज एकत्र असताना लहान आवाज पूर्ण बंद केला तरी फरक नगण्य असतो. ८० आणि ७० डेसिबल मिळून ८०.४ होतात. म्हणून मोठा कोणता तेच शोधायचं. पंख्याचा पट्टा काढून दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं आणि तापमानावर नजर ठेवून, उभ्या गाडीत २००० आरपीएमला मोजलं. आकडा ४ डेसिबलने उतरला. पंखाच होता.

थेट पुलीवर बसवलेला पंखा गरज असो नसो पूर्ण वेगाने फिरतो. वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी ताकद आठपट होते, आणि आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो. या इंजिनात खऱ्या अर्थाने फेरफार म्हणावा असा बदल इथेच केला: व्हिस्कस कपलिंगचा पंखा बसवला, जो रेडिएटरची हवा तापली की पकडतो आणि थंड असली की सैल फिरतो. अंतर, पात्यांचा आकार आणि पंख्याभोवतीच्या श्राउडची (कड्याची) खोली जुळवायला अर्धा दिवस गेला. लोड घालून लांब चढावर तापमान तपासल्याशिवाय गाडी सोडली नाही. थंडाव्याशी तडजोड करून मिळवलेली शांतता कामाची नाही.

रॉकर कव्हरच्या बोल्टखाली रबरी बुश घातले. पातळ पत्र्याचे भाग, म्हणजे रॉकर कव्हर, टॅपेट कव्हर, चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं), हे ब्लॉकची कंपनं स्पीकरच्या पडद्यासारखी बाहेर फेकतात. त्याने थोडा फरक पडला, फार नाही.

मग केबिन. इथे बहुतेक लोक गादीपासून सुरुवात करतात. मी भोकांपासून केली. गिअरच्या दांडीचं रबर फाटलेलं, क्लच आणि वायरिंगची दोन भोकं ग्रोमेटविना उघडी, इंजिन कव्हरचं सील एका बाजूने बसलेलं. भिंतीच्या क्षेत्रफळात शेकडा एक भोक उघडं असेल तर भिंत कितीही जाड करा, २० डेसिबलच्या पुढे ती आवाज अडवू शकत नाही. रात्री केबिनच्या खाली दिवा लावून आत अंधारात बसलो आणि जिथून उजेड आला ते सगळं बुजवलं. नुसत्या त्याने २ डेसिबल गेले. त्यानंतर इंजिन कव्हरच्या पत्र्याच्या मधोमध ब्यूटाइलच्या पट्ट्या दाबून चिकटवल्या. सगळा पत्रा झाकायची गरज नसते, साधारण तिसरा भाग पुरतो, कारण वाजतो तो पत्र्याचा मधला भाग. आतून आगीला न जुमानणारा, तेल न पिणारा, वरून फॉइल लावलेला थर, टर्बोपासून अंतर ठेवून.

शेवटची नोंद: आयडलिंग ६९, उभ्या गाडीत १५०० ला ७६, रस्त्यावर ७८. कोणत्या कामाने नेमकं किती दिलं हे सुटं सुटं सांगता येणार नाही, कारण उपायांचा क्रम बदलला असता तर आकडेही बदलले असते. पण टायमिंग आणि डॅम्परने कानाला सर्वांत जास्त दिलं, नोझल आणि फाउंडेशनने पाठीला.

आठवड्याने काका परत आले, चेहरा काळजीचा. “मिस्त्री, नवीन आवाज आलाय. न्यूट्रलला खुळखुळतं.” क्लच दाबून पाहायला सांगितलं. आवाज गेला. सोडला, आला. गिअरबॉक्समधले मोकळे गिअर क्लच प्लेटच्या थकलेल्या स्प्रिंगांमुळे एकमेकांवर खुळखुळत होते. तो आवाज कित्येक वर्षं तिथेच होता, इंजिनाच्या गोंगाटाखाली झाकलेला. क्लच प्लेट पुढच्या कामाच्या यादीत लिहिली आणि तोवर काही बिघडत नाही असं सांगितलं. काका जाताना केबिनच्या दारात उभ्या उभ्याच क्लीनरशी बोलत होते, इंजिन चालू असताना, साध्या आवाजात.

नवीन डॅम्पर बसवला त्या दिवशीच त्या पोराने हब, रबर आणि रिंग या तिन्हींवरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली होती. गाडी वीस हजार किलोमीटर फिरून ऑइल बदलायला आली तेव्हा सगळ्यात आधी बॅटरी घेऊन तीच पाहिली. रेघ अखंड होती, तिन्हींवरून सरळ.